मॉरिशसहून निघालेला वारा

अधारताल, जबलपूर
९ डिसेंबर २०२४

प्रिय अस्मिता,

तुझा घटस्फोट आर्यनशी झाला. माझ्याशी तो कोणत्या कोर्टात झाला आणि मला हजर राहायला का बोलावलं नाही, हे विचारायला हे पत्र लिहीत नाही. ते प्रश्न मी डब्यात घालून वरच्या फळीवर ठेवलेत. हे पत्र दुर्वाच्या कामाचं आहे.

परवा तुझ्या फोनवरून तिच्या आवाजात निरोप आला. "आजी, टीचरनं प्रोजेक्ट दिलाय. आमच्या घरावरून जो वारा जातो तो कुठून येतो, आणि पुढे कुठे जातो? आई म्हणते आजीला विचार, ती भूगोलाची आहे."

ती भूगोलाची आहे! तुम्ही दोघी मॉरिशसला गेल्यापासून तुमच्या घरात माझं नाव निघाल्याचा हा पहिला पुरावा. मी तो निरोप बाबांना ऐकवला. कागदोपत्री ते आता तुझे सासरे उरले नाहीत, तेव्हा जगन्नाथरावांना ऐकवला असं म्हणू. मग परत ऐकवला. पुन्हा लावायला लागले तर म्हणाले, "बस झालं ना आता. पोरगी वाऱ्याचं विचारून राहिली, तुझं नाही विचारून राहिली."

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर निळ्या खुणा येतात. तू वाचलंस आणि उत्तर दिलं नाहीस हे मला कळतं, मला कळलंय हे तुला कळतं, आणि मग दोघी आपापल्या देशात मुकाट्यानं भाजी चिरतो. पत्राला खुणा नसतात. पोचलं नसेल, अशी समजूत करून घेता येते. ही फार मोठी सोय आपण उगाच सोडून दिली.

आता दुर्वासाठी. तिला हे वाचता येईल ना? इथे असताना घरभर हिंदी बोलायची आणि मराठीत काही विचारलं की "हाँ" म्हणायची. नर्मदेकाठी जे जमलं नाही ते तिथल्या शाळेत जमलं, मराठी लिहायला शिकली. आमच्या मराठी मंडळाला हे सांगितलं तर ते ठराव करतील.

दुर्वा, स्वयंपाकघराचं दार जरासं किलकिलं कर. आईला गॅसवर मोठं पातेलंभर पाणी उकळायला ठेवू दे. आता उदबत्ती दाराच्या फटीत, अगदी फरशीजवळ धर. धूर आत ओढला जाईल. मग आईनं धरलेल्या खुर्चीवर चढ आणि उदबत्ती फटीच्या वरच्या टोकाला धर. धूर बाहेर जाईल. झालं, जगातले वारे तुला समजले. गॅस म्हणजे विषुववृत्त. तिथे ऊन सरळ डोक्यावर पडतं, हवा तापते, हलकी होते आणि वर जाते. खाली दाब कमी होतो. वर गेलेली हवा लांब सरकत सरकत गार होते आणि दोन्हीकडे तिसाव्या अंशाच्या आसपास खाली उतरते. तिथे दाब जास्त. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे हवा धावत सुटते, त्या धावण्याला वारा म्हणतात. सगळ्या पृथ्वीवर ऊन सारखं पडलं असतं तर पानसुद्धा हललं नसतं. जगात जी काही हालचाल आहे ती कुणाला जास्त आणि कुणाला कमी मिळाल्यामुळे आहे. (हे वाक्य प्रोजेक्टमध्ये लिहू नकोस. शाळेच्या मिटिंगमध्ये मी म्हणाले होते, मला नोटीस मिळता मिळता राहिली.)

तुमचं बेट त्या उतरणाऱ्या हवेच्या आणि विषुववृत्ताच्या मध्ये बसलंय. म्हणून तुमच्या अंगणातून वारा सारखा धावत असतो. तो सरळ का जात नाही ते पुढच्या पत्रात.

पार्सल कालच वेगळं टाकलं, दुर्वाला स्वेटर आहे. लोकर घमापुरातून आणली, बाह्या जरा लांब ठेवल्यात. पोस्टातला भैया पत्ता वाचून म्हणाला, "मैडम, मॉरिशस कौन से जिले में पड़ता है?" मी म्हटलं, "भैया, मेरे जिले से तो बाहर ही है."

शेवटी सही करताना अडले. "तुझी सासू" खोटं ठरेल, आणि "तुझी आई" म्हणायची परवानगी अजून चालू आहे का ते माहीत नाही. तूर्तास,

नीलिमा


अधारताल
२३ जानेवारी २०२५

प्रिय अस्मिता,

दुर्वाचा फोटो आला. अंगात माझा स्वेटर, कपाळावरून घामाच्या धारा, मागे पंखा गरगर फिरतोय, आणि पोरगी शहाण्यासारखी हसतेय. खाली तिचा निरोप: "आजी, खूप छान आहे. पण इथे उन्हाळा आहे. तू भूगोलाची आहेस ना?"

अस्मिता, मी जमिनीत गेले. तीस वर्षं मी फळ्यावर लिहीत आलेय की उत्तर गोलार्धात हिवाळा असतो तेव्हा दक्षिण गोलार्धात उन्हाळा असतो. हे ज्यांना आलं नाही त्यांचे मार्क मी लाल पेनानं आणि आनंदानं कापलेत. त्यातली काही पोरं आज कारखान्यात साहेब आहेत आणि रस्त्यात भेटली की अजून घाबरतात. आणि मी डिसेंबरात मॉरिशसला लोकरीचा स्वेटर पाठवते!

जगन्नाथरावांनी चष्मा लावून फोटो बघितला. मग म्हणाले, "दोन मार्क कट." आणि इतके हसले की चहा शर्टावर.

कसं झालं ते सांगते. दुकानात उभी होते तेव्हा माझ्या अंगावर शाल होती, नाक गळत होतं. मला थंडी वाजत होती म्हणजे पोरीलाही वाजत असणार, इतका साधा हिशोब. पुस्तक हातात असतं तोवर भूगोल येतो. लोकर हातात घेतली की तो जातो. ठेवून दे तो स्वेटर. तुमच्याकडे कधीतरी हिवाळा येईलच, असं मी शिकवलेलं आहे.

दुर्वा, आता वारा वाकडा का जातो ते. बाबांकडून पृथ्वीचा गोल मागव. (अस्मिता, आर्यनला सांगितलंय, तो बंगळुरूहून पाठवेल. गोलाच्या बाबतीत तरी त्यानं उशीर करू नये.) आईला तो गोल पश्चिमेकडून पूर्वेकडे हळूहळू फिरवायला सांग. तू खडू घे आणि उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत सरळ रेघ ओढ. हात अगदी सरळ ठेव. बघ, रेघ वाकली, ती जाते तिकडे तोंड केलं तर उजवीकडे. आता दक्षिण ध्रुवापासून वर ओढ. आता डावीकडे वाकली. तू काही चूक केली नाहीस. हात सरळच होता, खालची जमीन फिरत होती. वाऱ्याचंही असंच. तो बिचारा सरळ निघतो, पण ज्या पृथ्वीवरून निघतो ती त्याच्या पायाखाली स्वस्थ बसत नाही. म्हणून तुमच्याकडचा वारा दक्षिणेकडून उत्तरेला निघतो आणि डावीकडे कलतो. तुमच्या घरावर तो आग्नेयेकडून येतो आणि वायव्येला जातो. समुद्रावरच्या सुरूच्या झाडांकडे बघ, कोणत्या बाजूला वाकलीत ते मला कळव. वारा दिसत नसला तरी त्यानं वाकवलेली झाडं दिसतात.

अस्मिता, दुर्वानं केलेला वाऱ्याचा बाण फोटोत दिसतो. पुठ्ठा नीट कापलाय. त्याची काठी ज्या हातानं धरलीय त्या हातावरचं घड्याळ छान आहे. जाड मनगटाला शोभतंय.

नीलिमा


अधारताल
१९ मार्च २०२५

प्रिय अस्मिता,

घड्याळाबद्दल लिहिल्यापासून तुमच्याकडून काहीच आलं नाही. दुर्वाचा निरोपसुद्धा नाही. माझी जीभ कशी आहे हे तुला माहीत आहे, ती लिहितानाही तोंडातच असते. तुला टोमणा वाटला असेल तर तो टोमणाच होता, पण त्याला धार नव्हती.

दुर्वाचा प्रोजेक्ट संपला असेल. तरी मी लिहिते, कारण धडा अर्धा सोडायची मला सवय नाही.

हिवाळ्यात आमच्याकडचा वारा उलटा असतो. इकडची जमीन गार पडते, दाब इथे जास्त होतो, आणि हवा जमिनीवरून समुद्राकडे निघते. म्हणजे डिसेंबरापासून आतापर्यंत इथली हवा तुमच्या दिशेनं येत होती. तुमच्यापर्यंत ती पोचत नाही. वाटेत विषुववृत्ताजवळ शांत पट्टा आहे. तिथे हवा आडवी वाहत नाही, नुसती वर वर जाते. जुन्या काळी शिडाची जहाजं त्या पट्ट्यात अडकून पडायची. शीड लोंबलेलं, पाणी तेलासारखं, आणि खलाशी एकमेकांशी भांडायला लागायचे. मी तक्रार करत नाही. भूगोलात तक्रार नसते, निरीक्षण असतं.

काल तुझी खोली झाडली. तू यवतमाळहून लग्न होऊन आलीस तो दिवस आठवला. तुझी आई आधीच गेलेली. इंदूमावशी पाठराखीण म्हणून येणार होत्या, आणि निघायच्या आदल्या दिवशी त्यांचा पाय मुरगळला. तुला आठवतं? इथल्या शेजारणींना मी पाठराखीण म्हणजे काय ते समजावत होते. नव्या नवरीबरोबर माहेरची एक बाई सासरी जाते, थोडे दिवस राहते, म्हणजे परक्या घरात नवरीला एकटं वाटत नाही. समोरच्या दुबे भाभी म्हणाल्या, "अच्छा, तो इसकी वाली कहाँ है?" तू स्टेशनवरून आपल्या घरात पाऊल टाकलंस तेव्हा तुझ्या मागे कुणीच नव्हतं. एक बॅग होती. बॅगेच्या एका चाकाचा आवाज येत होता.

सत्यनारायण होईपर्यंत मी तुझ्या खोलीत गादी टाकली. दाराकडची बाजू मी घेतली. सकाळी तू विचारलंस, "आई, तुम्ही घोरता?" मी म्हणाले, "सासू घोरत नाही, श्वास घेते." तू हसलीस. या घरात तुझं पहिलं हसू ते.

असो. दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या, धूळ फार आली. सुरूची झाडं कुठे वाकलीत ते दुर्वानं कळवलं नाही.

नीलिमा


अधारताल
११ मे २०२५

प्रिय अस्मिता आणि दुर्वा,

दुर्वाचा निरोप आला. मोठा आला, पंख्याच्या घरघरीसकट आला. मी तो एकटीनं ऐकला.

तर जाड मनगटाचं नाव तनयकाका. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करतो, पुठ्ठा छान कापतो, आणि सुरूची झाडं दाखवायला दुर्वाला समुद्रावर घेऊन गेला. झाडं वायव्येकडे वाकलीत. उत्तर बरोबर आहे. त्याच्या पणजोबांचे वडील कोकणातून उसाच्या मळ्यावर राबायला गेले, शिडाच्या जहाजातून. दुर्वा, ती जहाजं याच वाऱ्यांच्या भरवशावर जायची. वारा कोणत्या महिन्यात कुठून वाहतो हे ज्याला माहीत नसे तो खलाशी पोचत नसे. म्हणजे तनयकाका त्या बेटावर आहे तो वाऱ्यामुळे. हे प्रोजेक्टमध्ये घालता आलं असतं, आता उशीर झाला.

आई आणि तनयकाका लग्न करणार हेही तू सांगितलंस, आणि लगेच आवाज बारीक करून, "आजी, आईला सांगू नको मी सांगितलं." अस्मिता, हे पत्र तू आधी वाचणार, म्हणजे ते गुपित इथेच संपलं. पोरीला रागावू नकोस. तिला कुणाला तरी सांगायचं होतं, तिनं मला निवडलं, हे मला पुष्कळ झालं.

आणि मग ती म्हणाली, "त्याची आई मला पुरणपोळी देते, त्यात वेलचीच्या ऐवजी व्हॅनिला असतो. तिला पण आजी म्हणू का? तुला चालेल?"

दुर्वा, म्हण. खुशाल म्हण. आजी हा शब्द काही मी नोंदवून घेतलेला नाही. त्या बाईंना आजी म्हणालीस की त्या नक्की खूश होतील, आणि खूश झालेली आजी दुसरी पोळी वाढते. व्हॅनिलाचं मात्र मला पटलेलं नाही. हे त्यांना सांगू नकोस.

अस्मिता, आता तुझ्याशी. मी हे पत्र लिहून फाडलं, परत लिहिलं. पहिल्यात मी फार थोर झाले होते, वाचून मलाच कंटाळा आला.

तुझं लग्न होतंय याचा मला आनंद झाला. खरोखर झाला, पण तो एकटा आला नाही, दुसरं कुणीतरी त्याच्याबरोबर आत शिरलं. तुझं नवं घर होईल, नवी सासू होईल, दुर्वाला नवी आजी होईल. मग जबलपूरला एक बाई आहे, तिला मध्येच स्वेटर विणायची हुक्की येते, तिला काय म्हणून ओळख द्यायची? "माझ्या आधीच्या नवऱ्याची आई." एवढं लांब नाव कुणी रोज घेत नाही, ते हळूहळू गळून पडतं. मी तुला दोष देत नाही. नात्याला नाव नसलं की लोक त्याचं काय करायचं ते न कळून त्याला कोपऱ्यात ठेवतात, छत्रीसारखं.

माझं एकच मागणं आहे. दुर्वाला मला वारा शिकवू दे. वर्षातून एखादा धडा पुरे. पश्चिमी वारे राहिलेत, ध्रुवीय राहिलेत, आणि तुमच्या बेटाच्या खूप दक्षिणेला, जिथे अडवायला जमीन नाही, तिथे वारा इतका गरजतो की खलाशांनी त्या अक्षांशांना गर्जणारे चाळीस असं नाव दिलंय, तेही राहिलेत. पुरवून पुरवून शिकवलं तर ती कॉलेजात जाईपर्यंत पुरतील.

तनयरावांना नमस्कार सांग. घड्याळाबद्दल मी लिहिलं होतं हे सांगू नकोस.

नीलिमा


अधारताल
२२ जून २०२५

प्रिय दुर्वा,

तुझ्या वाढदिवसाला आजोबा आणि मी नर्मदेच्या ग्वारीघाटावर गेलो होतो. तू लहान असताना तुला घेऊन जायचो, तुला पानाच्या द्रोणातला दिवा नदीत सोडायचा असायचा आणि सोडल्यावर तो परत पाहिजे असायचा. आठवतं का?

आजोबांनी द्रोण घेतला, त्यात फूल, वात, तुझ्या नावानं दिवा लावला आणि अगदी हलक्या हातानं पाण्यावर ठेवला. दिवा थोडा पुढे गेला. मग थांबला. मग गोल फिरला आणि उलटा आला, पायरीला येऊन टेकला. आजोबांनी परत ढकलला. परत आला.

आजोबांचा चेहरा उतरला. म्हणाले, "घेतला नाही गं माईनं. पोरीच्या नावाचा दिवा वापस करून राहिली." बाजूला द्रोण विकणारी दीदी होती तीही म्हणाली, "बाबूजी, आज सबका लौट रहा है." त्यानं त्यांचं समाधान होईना. मग मी माझं काम केलं. घाटाच्या पायरीवर उभी राहून वर्ग घेतला.

नीट ऐक, तुझ्या डिसेंबरातल्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग हा आहे. तुमच्या घरावरून वारा वायव्येला जातो. तिकडे आफ्रिका आहे. आमच्याकडे पाठ फिरवून तो निघतो, बघणाऱ्याला वाटावं हा काही भारताकडे येत नाही. पण उन्हाळ्यात आमची जमीन तापते, इकडे दाब कमी होतो, आणि तो वारा आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळून विषुववृत्त ओलांडतो. ओलांडलं की नियम बदलतो. खडूची रेघ आठव. दक्षिणेत डावीकडे वळणारा वारा उत्तरेत आल्यावर उजवीकडे वळतो. वळतो तो सरळ आमच्याकडे. अरबी समुद्रावरून येतो आणि नर्मदेच्या खोऱ्यात शिरून वर चढतो. नर्मदा वाहते पश्चिमेला, वारा येतो पश्चिमेकडून. पाणी दिव्याला खाली नेत होतं आणि वारा त्याला परत आणत होता. आज वाऱ्याचा जोर जास्त होता, एवढंच.

आजोबा म्हणाले, "म्हणजे हा वारा कुठून आला म्हणतेस?"

मी म्हटलं, "दुर्वाच्या गच्चीवरून."

त्यांनी तिसऱ्यांदा दिवा ढकलला नाही. पायरीवर बसून राहिले, शर्टाची वरची बटणं उघडी टाकून, तोंड वाऱ्याकडे करून. मी म्हटलं, "चला, उशीर होतोय." म्हणाले, "थांब ना. पोरगी आली आहे."

तीस वर्षं मी हा धडा शिकवला, दुर्वा. आग्नेय व्यापारी वारे विषुववृत्त ओलांडून नैर्ऋत्य मोसमी वारे होतात, कारणे द्या, चार मार्क. त्या चार मार्कांत कुणाची गच्ची असते हे मला आता कळलं.

मोठी हो. स्वेटर होतोय का बघ, आता तुमच्याकडे हिवाळा सुरू झाला असेल.

आजी


अधारताल
१५ जुलै २०२५

प्रिय अस्मिता,

काल फोनवर मी म्हणाले, "कुकर झालाय, ठेवते." गॅसवर कुकर नव्हता. तुला तो सगळ्यांत जुना बहाणा माहीत आहे, याच घरात शिकलीस तू. तरी रीतसर कबूल करते.

झालं असं की तू म्हणालीस, दुर्वाचं दिव्याचं पत्र तू मोठ्यानं वाचलंस, आणि तनयची आई ऐकून डोळे पुसायला लागल्या. मी मनात म्हणत होते, बरं, बाई मऊ दिसतेय.  मग म्हणालीस, "आई, ऑगस्टमध्ये साधंच लग्न आहे. पण त्यांच्याकडे अजून जुनी पद्धत आहे. त्या विचारत होत्या, मुलीबरोबर पाठराखीण कोण येणार. मी त्यांना तुमचं नाव सांगून टाकलं. न विचारता सांगितलं. याल का?"

आई म्हणालीस. मग पाठराखीण. एका दमात दोन्ही. मी काय करणार, कुकर लावला.

मग फ्रीज उघडून उभी राहिले. जगन्नाथराव आले. म्हणाले, "काहून रडून राहिली तू?"

"कांदा चिरतेय."

"फ्रीज उघडून उभी हाय तू. हातात तर लोणच्याची बरणी हाय."

मी सांगितलं. ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी टाळूवरून हात फिरवला, कारखान्यात मोठ्या साहेबांनी अवघड फाईल दिली की फिरवायचे तसा. म्हणाले, "नीलिमा, असं कुठी होते का? सुनेच्या दुसऱ्या लग्नात सासू पाठराखीण म्हणून जाते? मंडळात काय सांगशील?"

मी म्हटलं, "सांगेन, मुलीला पोचवायला जातेय."

"आर्यन?"

आर्यनला फोन लावला. त्याला सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "जा आई. तिच्या पहिल्या वेळी कुणी नव्हतं ना सोबत." त्याला ते आठवत होतं. मला वाटायचं त्याला काहीच आठवत नाही.

त्यानंतर जगन्नाथरावांना शेवटचा मुद्दा सुचला. "ऑगस्टात? चातुर्मासात लग्न? देव झोपलेले असतात." मी म्हटलं, "अहो, पंचांग उत्तर गोलार्धाचं आहे. इकडचे देव झोपले की तिकडचे उठत असतील." त्यांनी यावर गंभीरपणे विचार केला आणि पटलं असं म्हणाले. भूगोलाचा इतका चांगला उपयोग मी उभ्या जन्मात केला नव्हता.

आता ते बॅग खाली काढून तिची चाकं तपासतायत. तिकीट त्यांनी स्वतःचंही काढायला सांगितलंय, म्हणे पाठराखिणीला सोबत लागते. समुद्रकिनाऱ्यावर उभं राहून उलट्या बाजूनं तो वारा बघायचाय त्यांना, निघताना कसा दिसतो ते.

तर ऐक. मी येते.

आर्यनच्या लग्नात मी वरमाई होते, पण गडबडीत रुसायचं राहून गेलं. आता मुलीकडची म्हणून येतेय, म्हणजे रुसायची सोय कायमची गेली. तनयच्या आईला सांग, निर्धास्त राहा. पुरणपोळीत व्हॅनिला घाला, मी खाईन आणि चेहरा सरळ ठेवेन. अजून एक सांग, मी घोरते. आधी कळवलेलं बरं, नंतर गैरसमज नकोत.

आजकाल वारा तुमच्याकडून इकडे वाहतोय, तेव्हा मला त्याच्या तोंडावर यावं लागणार. शिडाच्या जहाजातून निघाले असते तर मधूनच परत फिरले असते. विमानाला ती अडचण नाही. दुर्वाला म्हणावं, दक्षिण गोलार्धात आजी कुठल्या बाजूला वळते ते बघून ठेव, आणि तो स्वेटर घालूनच विमानतळावर ये. ऑगस्ट म्हणजे तुमची थंडी. तो मी चुकीच्या महिन्यात पाठवला नव्हता, जरा आधी पाठवला होता.

त्या घरात तुला जी खोली देतील तिथे माझी गादी खाली टाक. मला दाराकडची बाजू लागते, तुला माहीत आहे.

तुझी पाठराखीण,
आई